नऊ सामने, एक विजय: प्रशिक्षक बदलायचे की थांबायचं?

प्रश्न इंदूरच्या एका महाविद्यालयाच्या क्रीडा अधिकाऱ्यांचा आहे. थोडक्यात असा: जुने प्रशिक्षक निवृत्त झाले आणि ऑगस्टमध्ये नवे आले. गेल्या वर्षी फुटबॉल संघ संभागीय (विभाग पातळीवरच्या) स्पर्धेपर्यंत पोचला होता. या हंगामात सराव सामने धरून नऊ सामने झाले. एक जिंकला, दोन बरोबरीत सुटले, सहा हरले. केलेले गोल ६, अंगावर झालेले १९. पाच अनुभवी खेळाडू पदवी घेऊन गेले, त्यांत उंच सेंटर-फॉरवर्ड (मधला आक्रमक) आणि मुख्य स्टॉपर (मधला बचावपटू) होता. जुने सर ४-४-२ (चार बचावपटू, चार मधले, दोन आक्रमक) लावून लांब चेंडूवर खेळवायचे. नवे सर ४-३-३ लावतात, गोलकीपरपासून छोट्या पासांनी खेळ उभारायला सांगतात आणि चेंडू गेला की प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीतच प्रेस करायला, म्हणजे अंगावर धावून जाऊन चेंडू हिसकायला, लावतात. सीनियर मुलं म्हणतात, पद्धत झेपत नाही. प्राचार्य विचारतात, प्रशिक्षक बदलायचे का? सोबत १९ गोलांची नोंद आली आहे: ८ आपल्याच गोलसमोर चेंडू गमावून, ५ कॉर्नर आणि फ्री-किकवर, ४ बचावफळीच्या पाठीमागे टाकलेल्या लांब चेंडूवर, २ पेनल्टीवर. १९ पैकी ११ गोल शेवटच्या वीस मिनिटांत झाले.

ही नोंद ठेवलीत हे फार चांगलं केलंत. बहुतेक महाविद्यालयांत निकालाचा आकडा तेवढा उरतो, आणि मग चर्चा माणसावर घसरते. तुमच्याकडे निदान काय दुखतंय ते सांगणारा कागद आहे.

माझं मत आधीच सांगतो: आत्ता प्रशिक्षक बदलू नका. त्यांची दिशा चुकलेली नाही, क्रम चुकला आहे. सगळ्यात नाजूक काम त्यांनी सगळ्यात आधी मागितलं, तेही दमलेल्या पायांकडून आणि उंचसखल मैदानावर. मात्र मुदतवाढ बिनशर्त देऊ नका. काय बदलायला सांगायचं आणि ते बदललं की नाही हे कसं तपासायचं, ते पुढे आहे.

आधी तुमच्या नोंदीत एक रकाना वाढवा. 'गोल कसा झाला' आणि 'कधी झाला' हे दोन्ही आहेत, पण एकमेकांशी जोडलेले नाहीत. गोलसमोर चेंडू गमावून झालेल्या ८ पैकी शेवटच्या वीस मिनिटांतले किती, ते मोजा. पाच-सहा निघाले, तर मुलांना पद्धत कळली आहे पण दमल्यावर पाय साथ देत नाहीत, असा अर्थ होतो. तेच पहिल्या अर्ध्या तासातले असतील, तर पद्धत शिकवलीच गेलेली नाही. एकच आकडा, पण उपाय अगदी वेगवेगळे. आणखी दोन गोष्टी लिहा: चेंडू कोणाच्या पायातून गेला, आणि त्याला पास कोणी दिला होता. चेंडू गमावणाऱ्याच्या नावावर चूक चढते, पण निम्म्या वेळा ती पास देणाऱ्याची असते.

आता त्या ८ गोलांकडे. २०१९ मध्ये नियम बदलला. गोल-किकचा (चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर आपल्या गोलसमोरून मारायच्या किकचा) चेंडू आता पेनल्टी-क्षेत्राबाहेर जाण्याची वाट पाहावी लागत नाही. किक बसून तो हलला की खेळात आला, आणि आपला खेळाडू तो क्षेत्राच्या आतच घेऊ शकतो. तेव्हापासून जगभर स्टॉपर गोलकीपरच्या डाव्या-उजव्या हाताला उभे राहून खेळ उभारू लागले. टीव्हीवर हे दिसतं ते बिलियर्डच्या टेबलासारख्या सपाट हिरवळीवर. आपल्याकडे माळव्याची काळी माती आहे. पावसाळ्यात ती बुटाला चिकटून बूट जड करते, आणि ऑक्टोबर लागला की तडकते. नेमका तेव्हाच आपला हंगाम भरात असतो.

त्या मैदानावर काय होतं ते बारकाईने पाहा. स्टॉपर बारा मीटरवरच्या डिफेन्सिव्ह हाफला (बचावफळीच्या पुढ्यातल्या मधल्या खेळाडूला) पास देतो. सपाट गवतावर तो पास कडक जातो. सरासरी सेकंदाला दहा मीटर धरले तर १.२ सेकंदात पोचतो. खडबडीत जमिनीवर कडक पास उसळतो हे मुलांना अनुभवाने कळतं, म्हणून ती हलकेच ढकलतात. सेकंदाला सात मीटर धरा, १.७ सेकंद लागले. या अर्ध्या सेकंदात धावत येणारा प्रतिस्पर्धी तीन मीटर जवळ येतो. वर शेवटच्या दीड मीटरात चेंडू एखाद्या भेगेवरून टुणकन उडतो, नडगीला लागतो आणि पायापासून हातभर लांब जातो. हाफची पाठ प्रतिस्पर्ध्याकडे, तोंड आपल्या गोलकडे. त्याला मागचा माणूस दिसतच नाही. तिथे चेंडू गेला की समोर फक्त दोन स्टॉपर आणि गोलकीपर, आणि तेही पासासाठी फाकलेले. मुलगा घाबरट नाही की ढिला नाही. ही भूमिती कोणालाही बुडवेल.

यावर पद्धत टाकून द्यायची गरज नाही, तिला एक मर्यादा घालायची. गोलकीपरसाठी एकच नियम करा: गोल-किकच्या वेळी आपल्या पेनल्टी-क्षेत्राच्या आसपास प्रतिस्पर्ध्याचे दोन खेळाडू असतील तर छोटा पास, तीन किंवा जास्त असतील तर लांब किक. मोजायचं त्यानेच, आणि निर्णयही त्याचाच. हाफला द्यायचा मधला पास पहिल्या दोन महिन्यांसाठी बंद ठेवा. स्टॉपरकडून बॅककडे (कडेच्या बचावपटूकडे), बॅककडून टचलाइनलगत, म्हणजे बाजूच्या रेषेलगत, विंगरकडे. टचलाइनजवळ चेंडू गेला तर नुकसान थ्रो-इनचं, मध्ये गेला तर गोलचं. आणि सत्तराव्या मिनिटानंतर बरोबरी किंवा आघाडी असेल तर छोटी गोल-किक नाहीच.

लांब किकचीही तयारी लागते. उंच सेंटर-फॉरवर्ड गेला, तरी चेंडू अजून मधोमधच मारला जातो आणि त्यांचा स्टॉपर आरामात हेडरने परत पाठवतो. किक कडेला, त्यांच्या बुटक्या बॅकच्या डोक्यावर जायला हवी. उडी मारणारा आपला एक, त्याच्या पुढे धावणारा एक, आठ-दहा मीटर खाली एक, आणि आतल्या बाजूला एक. हेडर कोणीही जिंको, खाली पडलेला दुसरा चेंडू आपला व्हायला हवा. महाविद्यालयीन पातळीवरचे निम्मे सामने या दुसऱ्या चेंडूवर ठरतात, आणि त्याचा सराव मात्र क्वचितच कोणी घेतं.

सरावासाठी सहा विरुद्ध तीन असा खेळ लावा. एका बाजूला गोलकीपर, दोन स्टॉपर, दोन बॅक, एक हाफ. दुसरीकडे तीन फॉरवर्ड. गोलपासून पस्तीस मीटरवर, दोन्ही टचलाइनजवळ शंकूंची दोन छोटी दारं. चेंडू दारातून बाहेर काढला तर एक गुण, गमावला तर वजा दोन. एक फेरी वीस सेकंदांपेक्षा लांबवू नका, मध्ये चाळीस सेकंद विश्रांती, आठ फेऱ्या. वजा दोन मुद्दाम ठेवायचे, म्हणजे जोखमीची किंमत मुलांना आपोआप कळते. त्यावर भाषण द्यावं लागत नाही.

मैदान आणि चेंडू या दोन गोष्टी महाविद्यालयाच्या हातात आहेत, आणि स्वस्त आहेत. चेंडूतली हवा नियमानुसार ०.६ ते १.१ वातावरण दाबाची, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय चालते. बहुतेक ठिकाणी अंगठ्याने दाबून 'टाइट आहे' म्हणत हवा भरली जाते आणि चेंडू दगड होतो. काट्याचा पंप आणा आणि कडक मैदानावर ९ पीएसआयच्या आसपास ठेवा. उसळी लगेच कमी होते, आणि हे नियमात बसतं. यजमान असाल तर सामन्यापूर्वी पंचांना काटा दाखवून चेंडू द्या.

मैदानाच्या भेगा पाऊस थांबल्याबरोबर भरायला घ्या: चाळलेली माती, वाळू आणि चांगलं मुरलेलं शेणखत एकत्र करून. रोलर फिरवताना मोठी चूक होते ती ओल्या मातीवर फिरवण्याची. काळी माती ओली दाबली की वाळून विटेसारखी होते आणि गवताची मुळं गुदमरतात. आदल्या संध्याकाळी पाणी द्या, दुसऱ्या दिवशी माती बुटाला चिकटेनाशी झाली की हलका रोलर. गवत तीन सेंटिमीटरच्या आसपास ठेवा. सगळं मैदान जमलं नाही तर निदान दोन्ही गोलसमोरचे वीस-वीस मीटर करा, कारण तुमचे ८ गोल तिथेच झाले आहेत. बुटांचंही बघा. कडक मैदानावर लांब स्टड आत रुतत नाहीत, तळव्याला फोड येतात आणि घोटा मुरगळतो. ऑक्टोबरनंतर आखूड रबरी स्टडचे बूट बरे.

लांब चेंडूवरचे ४ गोल वरच्या प्रेसिंगमुळे आहेत. कारण साधं आहे: तीन फॉरवर्ड पुढे धावतात, मधली फळी दमून मागे राहते, बचावफळी सरांच्या सांगण्यावरून मध्यरेषेजवळ उभी असते. मध्ये पंचवीस मीटरची पोकळी, मागे चाळीस मीटरचं मोकळं रान. प्रेस करणाऱ्या संघाची पहिल्या खेळाडूपासून शेवटच्यापर्यंतची लांबी पस्तीस मीटरच्या आसपास हवी, दोन फळ्यांमधलं अंतर दहा-बारा मीटर. ती नव्वद मिनिटं टिकवायला जी ताकद लागते ती ऑगस्टमध्ये आलेल्या प्रशिक्षकाला दोन महिन्यांत उभी करता येत नाही. कोणालाच येत नाही.

म्हणून सध्या प्रेस खाली आणा. प्रतिस्पर्ध्याचे स्टॉपर आपसात खेळत असतील तर खेळू द्या. चेंडू मध्यवर्तुळापाशी आला की उठायचं. बचावफळी आपल्या गोलपासून पंचवीस-तीस मीटरवर. उठायचे इशारे ठरलेले असावेत: त्यांच्या बॅकला टचलाइनजवळ पास गेला, त्यांच्यातल्या कोणी स्वतःच्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेतला, किंवा पहिला स्पर्श फसला. इशारा झाला की तिघं एकदम जातात, बाकीचे सगळे पाच पावलं पुढे सरकतात. एकटा धावत जाणारा मुलगा मेहनती दिसतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, पण संघाचं सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो, कारण त्याच्या मागची जागा उघडी पडते. आणि चेंडू त्यांच्या हद्दीत असताना गोलकीपर गोलरेषेवर उभा राहू नये. बारा-चौदा मीटर पुढे असला तर पाठीमागे पडलेले बरेचसे चेंडू त्याचे होतात.

आता पायांचा प्रश्न. ११ गोल शेवटच्या वीस मिनिटांत, हा तुमच्या कागदावरचा सगळ्यात बोलका आकडा. मैदानाला अर्धा तास फेऱ्या मारून हा सुटत नाही. फुटबॉलमध्ये धाव तुटक असते: जोरात दहा-वीस मीटर, थांबा, वळा, पुन्हा जोरात. तेव्हा मोजणीही तशीच हवी. यो-यो चाचणी घ्या. वीस मीटरवर दोन खुणा, सुरुवातीच्या खुणेमागे पाच मीटरवर तिसरी. वीस मीटर जाऊन परत यायचं, मग दहा सेकंदांत मागच्या खुणेपर्यंत सावकाश जाऊन यायचं, पुन्हा धाव. वेग ताशी दहा किलोमीटरपासून सुरू होऊन वाढत जातो; बीपची ध्वनिफीत मोबाइलवर मिळते. दोनदा वेळेत पोचला नाही की खेळाडू बाद, आणि तोपर्यंतचं अंतर लिहायचं. चांगले व्यावसायिक खेळाडू साधारण दोन हजार मीटरच्या पुढे जातात. तुमच्या मुलांची तुलना त्यांच्याशी नको, त्यांच्याच जानेवारीच्या आकड्याशी मार्चचा आकडा ताडून पाहा.

ताकद वाढवायला चार विरुद्ध चार हा खेळ पुरेसा आहे: तीस बाय वीस मीटर जागा, चार मिनिटांच्या चार फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं विश्रांती, बाहेर पडलेल्या चेंडूऐवजी लगेच दुसरा चेंडू आत. आठवड्यातून दोनदा. एकदा पूर्ण वेगाच्या तीस मीटरच्या सहा धावा, प्रत्येक धावेनंतर दोन मिनिटं पूर्ण आराम. दम लागायच्या आत थांबायचं, कारण हे वेगाचं काम आहे. सरावाची सुरुवात फिफाच्या '११+' या वॉर्म-अपने करा. पंधरा व्यायाम, वीस मिनिटं, चेंडू आणि शंकूंपलीकडे साहित्य काही लागत नाही, आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा, गुडघ्याचा बचाव होतो. पहिल्या आठवड्यात मुलं कुरकुरतील. सोडू नका. नऊ सामन्यांत किती वेळा ठरलेले अकरा खेळाडू उभे करता आले, हेही तपासून पाहा.

भार मोजायची सोपी रीत: सराव संपल्यावर वीस-तीस मिनिटांनी प्रत्येकाला विचारायचं, एक ते दहामध्ये किती कठीण गेलं? तो आकडा गुणिले मिनिटं. पंचाहत्तर मिनिटं आणि सहा गुण म्हणजे ४५०. आठवड्याची बेरीज हळूहळू वाढली पाहिजे, एकदम दुप्पट झाली की दुखापती सुरू होतात. दिवाळीनंतर हेच होतं. खरगोन, बडवानी, धारकडची वसतिगृहातली मुलं पंधरा दिवस गावी जाऊन येतात, आणि परत आल्या दिवशी त्यांना इतरांच्या बरोबरीने पळवलं जातं. त्यांना पहिला आठवडा अर्ध्या भाराचाच द्या.

खाण्यापिण्याचं इंदुरात वेगळं सांगावं लागतं. सामन्याच्या तीन तास आधी पोहे उत्तम: शेंगदाणे, लिंबू, थोडी शेव चालेल. जिलबी, कचोरी, समोसा त्या दिवशी नको. तळलेलं पोटात रेंगाळतं. आदल्या रात्री सराफ्यात (रात्रीच्या खाऊबाजारात) टोळी जाते आणि एक वाजता परत येते, हे कर्णधाराला माहीत असतं, सरांना नसतं. झोप आठ तास. अनंत चतुर्दशीला झाक्या (मिरवणुकीतले देखावे) पाहायला अख्खं शहर रात्रभर जागं असतं. दुसऱ्या दिवशी सामना घेऊच नका, तारीख आधीच बदलून मागा. पाण्यासाठी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हवं तर लिंबू पिळून. चमचा चहाचाच घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी जमेल तसे दीड-दोनशे मिलिलिटर. एखाद्या सरावाच्या आधी आणि नंतर मुलांची वजनं करून पाहा: किलोभर घटलं असेल तर लिटर ते दीड लिटर पाणी भरून काढायचं असतं.

बदली खेळाडूंचंही लक्षात घ्या. नियमात पाच बदल्यांची तरतूद आहे, पण ती स्पर्धेने स्वीकारलेली असावी लागते. प्रवेशपत्रिका भरतानाच विचारून ठेवा. पाच मिळत असतील तर साठाव्या मिनिटाला दोन ताजे विंगर घालणं हा तुमच्या शेवटच्या वीस मिनिटांवरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. त्यासाठी बाकावरची मुलं सरावात अकरांबरोबर खेळलेली हवीत, नुसती चेंडू आणून देणारी नकोत.

कॉर्नरवरचे गोल दोन आठवड्यांत निम्मे करता येतात, म्हणून ते काम आधी घ्या. प्रत्येकाने एकेक माणूस धरायचा ही जुनी रीत उंच मुलं गेल्यावर चालत नाही. एक धक्का, एक आडवं येणं, आणि त्यांचा माणूस मोकळा. गोलच्या साडेपाच मीटरच्या चौकटीत पाच जण जागा धरून उभे करा: एक जवळच्या खांबापाशी, तीन रेषेत मधोमध, एक लांबच्या खांबाकडे. त्यांचं काम माणूस नाही, चेंडू; आणि पाऊल पुढेच टाकायचं, मागे नाही. तिघं त्यांच्या सगळ्यात चांगल्या हेडरवाल्यांच्या धावेच्या वाटेत. एक पेनल्टी-क्षेत्राच्या टोकाशी, बाहेर आलेल्या चेंडूसाठी. एक वर मध्यरेषेपाशी, म्हणजे त्यांचे निदान दोघं मागे राहतात. दहा आणि गोलकीपर. दर सरावाच्या शेवटी, मुलं दमलेली असताना, दहा कॉर्नर. ताज्या पायांनी कॉर्नर सगळेच अडवतात.

गोलकीपरला एक नवा नियम नीट समजावा: २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद पंच हात वर करून बोटांनी मोजतात. आधीच कॉर्नरवर गोल खाणाऱ्या संघाने हातातला चेंडू देऊन कॉर्नर विकत घेऊ नये. पेनल्टीवरच्या दोन गोलांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दमलेला बचावपटू मागून पाय घालतो, पाय ताजे झाले की तेही कमी होतील.

आता प्रशिक्षकांची परीक्षा. त्यांच्याकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे की अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं 'डी' किंवा 'सी' लायसन्स, हे नेमणुकीच्या वेळी पाहायचं. आत्ता त्याने काही ठरत नाही. वेगवेगळ्या जागांवर खेळणारी सहा मुलं निवडा. एकेकाला स्वतंत्र बोलवा आणि कागदावर मैदान काढून तोच प्रश्न विचारा: आपली गोल-किक आहे, तू कुठे उभा? चेंडू त्यांच्या बॅककडे गेला, तू काय करतोस? सहाही जणांची चित्रं एकमेकांशी जुळली तर प्रशिक्षक शिकवतायत, आणि मुलं हरतायत ती पाय, मैदान आणि अनुभवापायी. सहा चित्रं सहा प्रकारची निघाली तर शिकवणंच पोचत नाही, आणि मग प्राचार्यांचा प्रश्न रास्त आहे. ही परीक्षा प्रशिक्षकांना सांगून घ्या, त्यांच्या पाठीमागे नको. चांगला माणूस उलट म्हणेल, मलाही ते कागद द्या.

दोन-तीन सराव कडेला बसून पाहा. नव्वद मिनिटांत चेंडू प्रत्यक्ष किती मिनिटं फिरला? सर दर मिनिटाला शिट्टी वाजवून थांबवत असतील, तर त्यांना ते सांगा; एका खेळात दोनदा थांबवणं पुष्कळ झालं. रांगेत उभं राहून आपल्या पाळीची वाट पाहणारी मुलं किती? आणि चेंडू किती आहेत? वीस मुलांत चार चेंडू असतील तर दोष महाविद्यालयाचा आहे. दोघांत एक हे किमान प्रमाण. प्रशिक्षक ऑगस्टमध्ये आले, म्हणजे संघनिवड दुसऱ्याच कोणी तरी, दुसऱ्याच खेळासाठी केली होती, हेही त्यांच्या खात्यावर घालू नका.

प्रशिक्षकांशी बोलताना निकालापासून सुरुवात करू नका. नोंदवही पुढ्यात ठेवा आणि विचारा, 'सर, या आठ गोलांचं काय करू या?' पद्धत सोडा असं ऐकायला आलं की माणूस हट्टाला पेटतो. ती टप्प्याटप्प्याने आणा म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. या तीन अटी लेखी ठेवा: गोल-किकचा नियम, मध्यवर्तुळापासून प्रेस, आणि जानेवारी-मार्चच्या यो-यो नोंदी.

सीनियर मुलांचं म्हणणं ऐकून घ्या, पण 'झेपत नाही' यावर थांबू नका. काय झेपत नाही? कोणता पास? कितव्या मिनिटाला? त्यांच्यातल्या दोघांना सामन्याचं चित्रीकरण पाहायला प्रशिक्षकांबरोबर बसवा. मोबाइल मध्यरेषेसमोर, गॅलरीच्या वरच्या पायरीवर, तिपाईवर. जमिनीवरून काढलेल्या चित्रात अंतरं दिसत नाहीत. बैठक पंधरा मिनिटांची, तुकडे तीन, त्यांतला एक चांगल्या खेळाचा असलाच पाहिजे. हरणाऱ्या संघाला फक्त चुका दाखवत राहिलं की मुलं चेंडू मागायचीच बंद होतात. पास मागायला कोणी पुढे येत नाही, आणि मग छोट्या पासांचा खेळ मुळातच कोलमडतो.

भारतीय फुटबॉलमधलंच उदाहरण प्राचार्यांना सांगण्यासारखं आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आपला संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. १९५६ ला मेलबर्नमध्ये रहीम यांचाच संघ ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून उपांत्य फेरीत गेला. समोर पुन्हा युगोस्लाव्हिया. हरलो, पण ४-१ असे, आणि ऑलिंपिकमध्ये चौथे आलो. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण मिळालं, तेव्हाही प्रशिक्षक रहीमच होते.

वेळापत्रक साधारण असं ठेवा. जानेवारी ते मार्चचा मध्य हे दहा आठवडे सोन्यासारखे आहेत: हवा थंड, स्पर्धा नाही. पहिले दोन आठवडे चाचणी, '११+' आणि कॉर्नर. पुढचे चार गोल-किक, दुसरा चेंडू आणि चार विरुद्ध चार. शेवटचे चार मध्यवर्तुळापासूनचं प्रेस आणि दर शनिवारी सराव सामना. महूच्या एखाद्या लष्करी संघाशी खेळायला मिळालं तर जरूर खेळा. त्यांचे पाय शेवटच्या वीस मिनिटांतही चालतात, तुम्हाला नेमकं तेच हवंय. मग वार्षिक परीक्षा. एप्रिल-मे मध्ये उन्हं पाहता सकाळी साडेसहाला तासभर, आठवड्यातून तीनदा, येतील तेवढ्यांसाठी. जूनच्या शेवटी पाऊस लागला की मैदान चिखलाचं; तेव्हा छोट्या पासांचा आग्रह सोडून लांब चेंडू आणि दुसऱ्या चेंडूचं काम घ्या. संघनिवड जुलैत, आणि ती याच प्रशिक्षकांच्या हातून होऊ द्या. गोलकीपर निवडताना हातांइतकेच पाय बघा.

मार्चमधल्या शेवटच्या तीन सराव सामन्यांत निकाल लिहूच नका. चार आकडे लिहा: आपल्या गोलसमोरच्या तीस मीटरांत चेंडू किती वेळा गेला, लांब किकनंतरचे दुसरे चेंडू किती मिळाले, कॉर्नरवर त्यांचा पहिला हेडर किती वेळा झाला, आणि सत्तराव्या मिनिटानंतर अंगावर किती गोल आले. हेच चार आकडे या हंगामातल्या चित्रीकरण झालेल्या सामन्यांतून आत्ताच काढून ठेवा. मार्चमध्ये दोन्ही कागद शेजारी ठेवून प्राचार्यांकडे जा, आणि जाताना प्रशिक्षकांना बरोबर घेऊन जा.